पॉलिशर हातात नाचतो, झटका देतो, रंग जाळतो: दोष नेमका कुठे शोधायचा

"मशीन चालू केलं की हातातून सुटायला बघतं." गाडीला रबिंग-पॉलिश मारणाऱ्या हँड मशीनबद्दल सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. तिच्यामागोमाग बाकीच्या येतात: पॅड उडालं, बॉनेटच्या कडेचा रंग गेला, हाताला मुंग्या आल्या, मशीनमधून वास येतो. दुरुस्तीच्या टेबलावर असं मशीन उघडलं की पुष्कळदा मोटर ठणठणीत निघते. गडबड असते मोटरच्या खाली, म्हणजे स्पिंडलपासून (पॅड ज्याच्यावर बसतं तो फिरता दांडा) पॅडपर्यंतच्या चार-पाच इंचांत, किंवा भिंतीतल्या सॉकेटपासून मशीनपर्यंतच्या वायरीत. म्हणून कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे) बदलायला किंवा आर्मेचर (तो फिरता भाग) भरायला पैसे घालण्याआधी ही दोन टोकं तपासा.

एक नियम सुरुवातीलाच. खाली जिथे जिथे "काढून बघा" असं लिहिलं आहे, तिथे प्लग सॉकेटमधून बाहेर काढलेला असला पाहिजे. नुसतं स्विच बंद करून भागत नाही, कारण पॅड बदलताना मशीन मांडीवर घेतलं जातं आणि ट्रिगर दाबला जायला तेवढं पुरतं.

आधी बघा, हा पॉलिशर आहे की ग्राइंडर?

प्रश्न विचित्र वाटेल, पण निम्म्या तक्रारींचं उत्तर इथेच मिळतं. घरात किंवा छोट्या गॅरेजमध्ये 4 इंची ग्राइंडर असतोच. त्याच्या स्पिंडलचे आटे एम10 चे, म्हणजे 10 मिलीमीटर व्यासाचे, आणि त्याच आट्यांची वेल्क्रो प्लेट बाजारात स्वस्तात मिळते. लावली प्लेट, चिकटवला फोम, झाला पॉलिशर. दिसायला दोन्ही मशीनं भावंडंच, फक्त वेग बघा. साधा ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो. रोटरी, म्हणजे एकाच अक्षाभोवती सरळ गोल फिरणारा पॉलिशर साधारण 600 ते 3,000 च्या मध्ये चालतो आणि त्यातही खरं काम 1,000 ते 1,800 वर होतं.

हिशेब करून बघू. 125 मिलीमीटर व्यासाचं पॅड 1,200 फेऱ्यांवर फिरलं तर त्याच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी 28 किलोमीटर होतो. तेच पॅड 11,000 फेऱ्यांवर गेलं की तो ताशी 259 किलोमीटर होतो. स्पंजाचं पॅड या वेगासाठी बनलेलंच नसतं. वेल्क्रोचा गोंद तापून सुटतो, फोम फाटतो, आणि सुटलेला तुकडा कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. पॅडवर किंवा बॅकिंग प्लेटच्या (पॅड चिकटतं त्या वेल्क्रोच्या प्लेटच्या) मागच्या बाजूला कमाल वेग छापलेला असतो, तो वाचा. मशीनवरचा आकडा त्याहून मोठा असेल तर ती जोडी लावायची नाही. शिवाय ग्राइंडरला पॅड बसत नाही म्हणून लोक आधी गार्ड काढून टाकतात, आणि मग कधीतरी त्याच उघड्या मशीनवर कटिंग व्हील चढतं. तो धोका पॉलिशपेक्षा कितीतरी मोठा.

"माझ्या ग्राइंडरला वेगाची चकती आहे" असं कुणी म्हणेल. ती फिरवून अगदी कमी केली तरी बऱ्याच ग्राइंडरवर वेग 2,800-3,000 च्या खाली उतरत नाही. म्हणजे ग्राइंडरचा सगळ्यांत हळू वेग हा पॉलिशरचा सगळ्यांत जोरात वेग. मग जुगाड येतो: पंख्याचा रेग्युलेटर मध्ये टाकायचा. तो पंख्याच्या 70-80 वॅटसाठी असतो, ग्राइंडर 600 वॅटच्या वर खातो. रेग्युलेटर जळतो, कधी कधी पेटतो. जास्त वॅटचे वेग-नियंत्रक मिळतात, ते तग धरतात, पण त्यांत वेगळी खोड आहे. पॅड पत्र्यावर दाबलं की वेग पडतो, म्हणून तुम्ही नॉब वाढवता. पॅड उचललं की भार जातो आणि मशीन एकदम पळतं. हातातून सुटायला बघणारी मशीनं आठवा, त्यांतली बरीचशी अशीच जोडलेली असतात. चांगल्या पॉलिशरमध्ये भार आला तरी वेग धरून ठेवणारं सर्किट असतं, आणि पैसे त्याचेच असतात.

ड्रिलला छोटं पॅड लावून हेडलाइट घासणं चालतं, फक्त तिथेही हळू. हल्लीच्या हेडलाइटची काच काचेची नसते, पॉलिकार्बोनेटची असते आणि ती वितळते. अख्खी गाडी ड्रिलने घासायला जाऊ नका. ड्रिलची पकड एका हाताची, पॉलिशरला दोन हात लागतात.

मशीन थरथरतं: तीन पायऱ्यांत शोध

रोटरी मशीन असेल तर ही तपासणी फार सोपी आहे, आणि बहुतेक मेकॅनिकही ती न करता थेट बेअरिंग बदलतात.

पॅड काढा. नुसती बॅकिंग प्लेट ठेवून, मशीन दोन्ही हातांत धरून, सगळ्यांत कमी वेगावर चालवा. थरथर गेली? दोष पॅडचा. मग प्लेटही काढा, नुसता स्पिंडल चालवा. आता गेली? दोष प्लेटचा. नुसता स्पिंडल फिरतानाही मशीन थरथरत असेल तर स्पिंडल वाकलाय किंवा बेअरिंग गेलंय, आणि ते काम दुकानाचं. मशीन एकदा जमिनीवर डोक्यावर पडलं असेल तर वाकलेल्या स्पिंडलचा संशय आधी घ्या.

पॅडच्या दोषांत पहिला नंबर वाकड्या बसणीचा. पॅड प्लेटच्या मध्यावर नसेल तर एका बाजूला वजन जास्त पडतं आणि 1,500 फेऱ्यांवर ते मनगटाला कळतं. चिकटवताना प्लेटच्या कडेपासून पॅडची कड चारी बाजूंनी सारखी बाहेर येते का ते बोटाने चाचपा. पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठंच हवं, कारण प्लेटची कडक कड रंगाला लागली तर ओरखडा नाही, खाच पडते. दुसरा दोष म्हणजे कंपाउंडने (रंग घासायच्या पेस्टने) चिंब झालेलं पॅड. एकाच जागी कंपाउंड सुकून गोळा झालं की समतोल बिघडतो. तिसरा, धुतल्यावर अर्धवट ओलं पॅड लावणं. पावसाळ्यात पॅड दोन दिवस वाळत नाही, म्हणून एकाच्या जागी तीन-चार पॅडं ठेवलेली बरी.

प्लेटच्या बाबतीत आटे बघा. रोटरीवर बहुधा एम14 चे असतात. प्लेट हाताने दोन-तीन फेरे सहज गेली पाहिजे. पहिल्याच फेऱ्यात अडली तर ती तिरकी चढतेय. पान्याने जोर लावून चढवलेली प्लेट पुढे आयुष्यभर डुलत राहते.

डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन मशीनला मात्र ही तीन पायऱ्यांची तपासणी लावू नका. तिथे प्लेट स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी मधल्या अक्षाभोवती घिरट्या घालते; घिरटीचा व्यास 8 पासून 21 मिलीमीटरपर्यंत असतो. ही विषम हालचाल तोलायला आत वजन बसवलेलं असतं आणि ते वजन ठरावीक मापाच्या प्लेटसाठी असतं. प्लेट काढून चालवलं तर चांगलं मशीनही थडथडेल. 150 मिलीमीटरच्या मशीनवर 125 ची प्लेट "बसली म्हणून" लावली तर तेच होतं. काही मशीनसोबत दोन मापांची वजनं मिळतात. डब्यात तळाशी पडलेला तो लोखंडी तुकडा फालतू नाही.

डीएची उलटी तक्रारही येते: "नुसतं थरथरतं, फिरत नाही." बऱ्याचदा यात बिघाड काहीच नसतो. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढा. काम करताना ती रेघ हळूहळू गोल फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर तुम्ही जास्त दाबताय, पॅड तिरकं धरलंय, किंवा पत्र्याच्या वळणावर पॅडचा एकच कोपरा टेकलाय. दाब कमी करा, सपाट धरा, रेघ पुन्हा चालू लागते. दाबलं की थांबायचं, हा या मशीनचा सुरक्षेचा गुण आहे, म्हणून घरच्या घरी पहिल्यांदा हात घालणाऱ्याने हेच घ्यावं असं माझं मत. डीएचा एक प्रकार मात्र गिअरने सक्तीने फिरणारा असतो. तो थांबत नाही आणि रोटरीसारखा झटकाही देऊ शकतो. विकत घेताना विचारून घ्या.

झटका बसतो तो कुठे आणि का

रोटरी मशीन मागून, म्हणजे तुमच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. झटका समजून घ्यायला एवढं एक वाक्य पुरतं, पण ते कुणी सांगत नाही.

पॅडचा तुमच्यापासून दूरचा भाग डावीकडून उजवीकडे जातो. तुमच्या जवळचा भाग उजवीकडून डावीकडे. आता बॉनेटची कड तुमच्या उजव्या हाताला आहे असं धरा. तिथे पॅडचा दूरचा भाग टेकवला तर तो पत्र्यावरून कडेकडे आणि कडेबाहेर घसरतो. मशीन सुरळीत चालतं. जवळचा भाग टेकवला तर तो बाहेरून आत येताना कडेच्या धारेवर आदळतो. पॅड अडकतं, मशीनचा सगळा जोर हँडलमध्ये येतो आणि ते उसळतं. कड डाव्या हाताला असेल तर बरोबर उलटं: जवळचा भाग टेकवायचा. थोडक्यात, पॅड कडेवरून बाहेर पडताना लागलं पाहिजे, बाहेरून आत शिरताना नाही. हे पाठ करायची गरज नाही. मशीन बंद ठेवून, हाताने पॅड फिरवत दोन कडांवर करून बघा, हाताला समजतं.

कडेसारखीच दुसरी अडकण्याची ठिकाणं: वायपरचा दांडा, ॲन्टेना, कंपनीचं चिन्ह, दाराचं हँडल, काचेखालची रबराची पट्टी, बॉनेटवरचे पाण्याचे फवारे. लोकरीचा बफ यांत विशेष बदनाम आहे, कारण त्याचे तंतू गुंडाळले जातात. ॲन्टेना काढून ठेवा. वायपर उचलून ठेवण्यापेक्षा त्याच्या आसपास मशीन नेऊच नका. ती दोन इंचांची जागा हाताने घासा. रबर आणि काळ्या प्लास्टिकवर मास्किंग टेप लावा. टेप रंग वाचवते, झटका थांबवत नाही, म्हणून टेप लावली की बिनधास्त असं समजू नका.

सुरू करतानाचा झटका वेगळा. मशीन हवेत असताना ट्रिगर दाबायचा आणि फिरतं पॅड पत्र्यावर उतरवायचं, ही सवय पुष्कळांना असते. टेकताक्षणी पॅड पकडतं आणि मशीन बाजूला पळतं. कंपाउंड भिंतीवर उडतं ते वेगळंच. पॅड आधी सपाट टेकवा, चकती 1 वर ठेवा, मग ट्रिगर. कंपाउंड 600-800 फेऱ्यांवर पसरवा, मग वेग चढवा. उचलतानाही आधी ट्रिगर सोडा, फिरणं थांबू द्या, मग उचला. फिरतं मशीन जमिनीवर पालथं ठेवणाऱ्याला तर गॅरेजमध्ये उभं करू नये.

आणि वायर. ती खांद्यावरून मागे टाका. गाडीवर लोळणारी वायर पॅडखाली आली की ती गुंडाळत थेट स्पिंडलपर्यंत जाते. वरचं आवरण फाटायला सेकंदही लागत नाही. शिवाय धुळीने भरलेली वायर बॉनेटवर ओढली की तुम्ही एका बाजूने ओरखडे काढताय आणि दुसऱ्या बाजूने पाडताय.

लाइट गेली, आणि मग आली

याच्यासाठी वेगळा मथळा मुद्दाम दिलाय. बहुतेक पॉलिशरला ट्रिगरच्या बाजूला लॉकचं बटण असतं. दाबून ठेवलं की ट्रिगर अडकून राहतो, बोट दुखत नाही. आता भारनियमन झालं किंवा फ्यूज उडाला. मशीन थांबलं. तुम्ही ते बॉनेटवर ठेवलं, चहा घ्यायला गेलात, लॉक तसंच राहिलं. लाइट आली की मशीन कुणी न धरता चालू होतं. बॉनेटवरून घसरतं, रंग जाळतं, खाली पडून वायरीत गुंडाळलं जातं, आणि जवळ लहान मूल असेल तर पुढचं लिहायला नको.

काही नव्या मशीनमध्ये वीज परत आल्यावर ट्रिगर सोडून पुन्हा दाबेपर्यंत चालू न होण्याची सोय असते. तुमच्या मशीनमध्ये ती आहे का हे तपासता येतं: पॅड आणि प्लेट काढलेलं रोटरी मशीन दुसऱ्या कुणाला घट्ट धरायला सांगा, लॉक लावून चालवा, सॉकेटचं स्विच बंद करा, पुन्हा चालू करा. लगेच फिरलं तर सोय नाही. अशा मशीनवर मी लॉक वापरणार नाही. वापरायचंच असेल तर लाइट गेल्याबरोबर पहिलं काम लॉक सोडणं, दुसरं प्लग काढणं. चहा नंतर.

हाताला मुंग्या येतात, ट्रिप होतं

थरथरीने आलेला बधिरपणा आणि विजेच्या मुंग्या यांत लोक गल्लत करतात. मशीन बंद केल्यावरही बोटं सुन्न राहत असतील तर ती थरथर. मशीनच्या धातूच्या डोक्याला हात लागताच चुणचुण येत असेल आणि हात काढताच जात असेल तर ती वीज. दुसऱ्या प्रकारात काम तिथेच थांबवायचं. "थोडंसंच लागतं" हे वाक्य विजेच्या बाबतीत कोरड्या चपलेपुरतं खरं असतं. गाडी नुकतीच धुतलेली, खाली पाणी, पाय अनवाणी, की तेच थोडंसं पुरेसं होतं.

बऱ्याच पॉलिशरच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. तिचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन. त्याला दोनच वायरी असतात, अर्थिंगची तिसरी नसते आणि ती लावायचीही नसते. पण आत कार्बनची काळी भुकटी साठली आणि तिला पावसाळ्याची दमट हवा किंवा कंपाउंडचं पाणी मिळालं की त्या भुकटीवरून वीज बाहेरच्या भागापर्यंत पोचू शकते. टेस्टरवर विसंबू नका: दुहेरी इन्सुलेशनच्या मशीनवर तो दोष नसतानाही मंद पेटू शकतो, आणि न पेटला म्हणून मशीन निर्दोष ठरत नाही. चुणचुण आली की मशीन उघडून साफ करून, इन्सुलेशन मोजून घ्यावं लागतं.

घरच्या बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं स्विच) असेल तर तो अशा वेळी पडू शकतो. मग घरात काय होतं? कुणीतरी म्हणतं, "हे मशीन त्या सॉकेटवर चालत नाही, शेजाऱ्यांच्याकडून वायर घेऊ." शेजाऱ्यांकडे आरसीसीबी नसतो म्हणून मशीन तिथे चालतं, एवढाच त्याचा अर्थ. ट्रिप होणं हा बिघाड नव्हे, तो बिघाडाचा निरोप आहे. एमसीबी पडत असेल तर प्रकरण वेगळं: ती जास्त करंट किंवा शॉर्टने पडते, माणसाला लागणाऱ्या झटक्यासाठी ती नसते. महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून बघा, तो खरंच पडतो का.

एक्स्टेन्शनबद्दल. 1,200 वॅटचं मशीन 230 व्होल्टवर साधारण 5.2 अँपिअर घेतं. पंख्या-दिव्याच्या पातळ वायरीने बनवलेला घरगुती बोर्ड त्याला पुरत नाही, 1.5 चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर घ्या. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडा, कारण गुंडाळीत उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण मऊ होतं. जोड गाडीच्या खाली किंवा ओल्या फरशीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा. आणि सॉकेटमध्ये उघड्या वायरी आगकाडीने खोचणं हे आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजने कधी ना कधी केलेलं पाप आहे. पॉलिशर सतत ओढला जातो, एक वायर निसटते आणि ती नेमकी ओल्या फरशीवर पडते. प्लग लावायला दोन मिनिटं लागतात.

कुणाला शॉक बसलाच तर त्याला ओढायला जाऊ नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. माणूस बेशुद्ध असेल तर महाराष्ट्रात 108 ला फोन, आणि श्वास नसेल तर मदत येईपर्यंत छाती दाबणं चालू.

मशीन तापतं, वास येतो

डोकं, म्हणजे गिअरचा भाग, कोमट होणारच. मागचा मोटरचा भाग हात ठेववत नाही इतका तापला तर कारणं साधारण ठरलेली आहेत. मोटर थंड करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. म्हणून कमी वेगावर जोराने दाबून काम केलं की मोटर ताण घेते आणि पंखा मात्र हळू फिरतो. लोकांना वाटतं हळू चालवलं तर मशीन टिकतं; दाबून हळू चालवलं तर ते लवकर जातं. दाब मशीनच्या स्वतःच्या वजनाइतकाच पुरे. मोठं काम झाल्यावर मशीन हवेत दोन मिनिटं रिकामं फिरवलं की आतली उष्णता निघते.

हवेच्या झडपांत लोकरीचे तंतू आणि पांढरी भुकटी अडकते. रोज काम संपलं की मऊ ब्रशने ती काढा. कंप्रेसरची हवा बाहेरून आत जोरात मारू नका, कचरा वाइंडिंगमध्ये जाऊन बसतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज 180 पर्यंत उतरत असेल तर त्या वेळी कटिंगचं, म्हणजे जाड कंपाउंडने घासण्याचं जड काम काढू नये, हलकं फिनिशिंग चालेल.

कार्बनपाशी थोड्या निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. आर्मेचरभोवती आगीचं पूर्ण कडं फिरताना दिसलं तर थांबा. कार्बन 5-6 मिलीमीटरपर्यंत झिजले असतील तर दोन्ही एकदम बदला, एकच बदलला तर तो वाकडा घासतो. या ठिणग्यांमुळेच आणखी एक गोष्ट: पॉलिशर थिनर, पेट्रोल किंवा ताज्या स्प्रे-पेंटच्या वाफांजवळ चालवायचा नाही. पेंटिंगच्या खोलीतच "लगे हात" बफ मारणारे कारागीर पाहिले की बघणाऱ्यालाच घाम फुटतो.

रंग जळतो

गाडीवरचा कंपनीचा रंग सगळे थर धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. त्यात वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) बहुधा 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक हीच काय ती या थराची, आणि प्रत्येक रबिंगला त्यातलाच अंश जातो. पत्र्याच्या कडा आणि उंचावलेल्या रेघा यांवर रंग आधीच पातळ बसलेला असतो, शिवाय तिथे पॅडचा सगळा दाब एका रेघेवर येतो. म्हणून बॉनेटच्या मध्यावर कुणाचा रंग सहसा जळत नाही. जळतो तो कडेवर. तिथे टेप लावून आधी मधलं काम उरका, मग टेप काढून कडा हाताने करा.

बंपर प्लास्टिकचा असतो आणि प्लास्टिक उष्णता पसरवत नाही. पत्र्यावर जे चार हात चालतात ते बंपरवर दोनच. प्रत्येक भाग झाल्यावर पालथा हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर थांबा आणि दुसरीकडे वळा. पाणी शिंपडून थंड करण्याच्या भानगडीत पडू नका, हातात विजेचं मशीन आहे. मशीन एका जागी उभं राहू देऊ नका, सेकंदाला एक-दोन इंच सरकत राहिलं पाहिजे. उन्हात उभी गाडी, विशेषतः काळी, मुळीच घासू नये. विदर्भातल्या मे महिन्यात तर सकाळी आठच्या आत किंवा सावलीतच.

जुन्या किंवा डेंटिंग करून पुन्हा रंगवलेल्या गाडीवर थराची जाडी जागोजागी वेगळी असते. जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते नसेल तर सगळ्यांत मऊ पॅड आणि सगळ्यांत बारीक कंपाउंडने दीड-दोन फूट चौकोनात करून बघा, पुरेसं झालं तर जाड कंपाउंड उघडूच नका. पांढऱ्या पॅडवर गाडीचा रंग उतरू लागला तर दोनच शक्यता: गाडीला क्लिअर कोट नाही, किंवा होता तो आता संपला. दुसऱ्या शक्यतेवर पॉलिशचा इलाज नाही, पेंटरकडेच जावं लागतं.

उन्हात धरलं की गोल गोल रेघा आणि सरकती सावली दिसते, त्याला होलोग्राम म्हणतात. तो रोटरीवर लोकरीचा बफ मारून तिथेच सोडून दिल्याचा परिणाम. डीएवर मऊ फोम आणि बारीक पॉलिशचा एक हात मारला की जातो. गाडी न धुता किंवा मळकं पॅड लावून केलं असेल तर रेघा खोल असतात, मग तेवढ्याने जात नाहीत.

अंगावर काय, काय नको

सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मनगटावरचे धागे, लांब मोकळे केस: सगळं आवरा. विणलेले सुती हातमोजे ग्राइंडरवर जितके वाईट तितकेच इथेही, तंतू पॅडमध्ये गुंततात. घट्ट बसणारे पातळ रबरी मोजे चालतात. चष्मा बाजूने बंद असलेला हवा, कारण कंपाउंड उडतं ते बाजूने. डोळ्यात गेलं तर न चोळता 15 मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा, आणि तरी खुपत राहिलं तर डॉक्टरकडे जा. सुकलेल्या कंपाउंडची भुकटी नाकात जाते, साधा एन95 मास्क पुरतो. दिवसभर हेच काम असेल तर कानात बोळे घाला.

थरथरीचं काय, तर एका दमात अर्धा तास चालवलं की दहा मिनिटं हात मोकळे ठेवा आणि हँडल गरजेपेक्षा घट्ट आवळू नका. धंदा म्हणून रोज करणाऱ्याची बोटं थंडीत पांढरी पडू लागली किंवा शर्टाचं बटण लावताना चाचपडायला झालं, तर ते वयाचं समजून सोडू नये. थरथरीने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात, आणि ते लवकर लक्षात आलं तरच आवरतं.

दुकानात नेताना

पॅड, प्लेट, बाजूचं हँडल आणि तुम्ही वापरता तो एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं सोबत न्या. नुसतं मशीन नेलं की दुकानदाराच्या टेबलावर, त्याच्या जाड वायरीवर ते गुमान चालतं, तो "काही नाही झालं" म्हणून परत देतो आणि घरी येऊन पुन्हा तेच. तीन पायऱ्यांत थरथर कुठे थांबली, वास सुरुवातीला येतो की दहा मिनिटांनी, आरसीसीबी पडला की एमसीबी, एवढं सांगितलंत तर उघडण्याआधीच त्याला निम्मं कळेल. वायर काळ्या टेपने जोडलेली असेल तर जोड दुरुस्त न करता पूर्ण वायरच बदलून मागा, आणि ती मशीनमध्ये शिरते तिथली रबराची नळी जागेवर आहे का ते स्वतः ओढून बघा.